पुरुमेत, पोदेर आणि एमबीए

एमबीएच्या दुसऱ्या वर्षी मी ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा विषय घेतला, तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि वर्गातली पोरं माझ्या पुतण्याच्या वयाची होती. सरांनी पहिल्याच तासाला विचारलं, सप्लाय चेन म्हणजे काय? कुणी अ‍ॅमेझॉन म्हणालं, कुणी फ्लिपकार्ट. माझ्या डोळ्यांसमोर मात्र लाल धुळीने माखलेला टिप्पर उभा राहिला.

2012 पर्यंत मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका जेटीवर टॅली क्लार्क होतो. लोहखनिजाच्या खाणीवरून आलेला प्रत्येक ट्रक वहीत मांडायचा आणि बार्ज भरली की चिठ्ठी फाडायची, एवढंच काम. ट्रकात दहाएक टन माल. दोन हजार टनांची बार्ज म्हणजे दोनशे ट्रिपा. मुरगाव बंदरात सत्तर हजार टनांचं जहाज लागलं की पस्तीस बार्जी, सात हजार ट्रिपा. जहाज ठरल्या दिवसांपेक्षा जास्त थांबलं तर डेमरेज, तेही डॉलरमध्ये. मग वरून ओरड सुरू व्हायची: ट्रक वाढवा! ट्रक वाढायचे आणि रस्त्यावरची रांग वाढायची. बार्जी मात्र तेवढ्याच भरायच्या, कारण माल ओतणारा पट्टा एकच होता. ड्रायव्हर मला शिव्या घालायचे, मी पट्ट्याला.

वर्गात एलियाहू गोल्डरॅट यांचं ‘द गोल’ वाचायला लावलं. 1984 चं पुस्तक, आणि चक्क कादंबरी. तिचं म्हणणं असं की कारखान्याचा वेग त्यातल्या सगळ्यात हळू टप्प्याएवढाच असतो. बाकीचे टप्पे पळवले तर फक्त ढीग वाढतो. मी ज्याला इतकी वर्षं ‘जेटीची कटकट’ म्हणत आलो, त्याला ‘बॉटलनेक’ असं नाव होतं. नाव आधी ठाऊक असतं तर निदान साहेबांशी भांडताना उपयोगी पडलं असतं.

सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, आणि मार्च 2018 मध्ये पुन्हा सगळं थांबलं. डिचोलीत लिलाव झालेल्या खाणपट्ट्यात काम परत सुरू व्हायला 2024 उजाडलं. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत साखळी खाणीपासून जहाजापर्यंत पाच चौकोनांत मावते. आमच्याकडे ती टायरवाला, गॅरेज, जेटीवरचा चहाचा गाडा आणि ट्रकच्या कर्जाचा हप्ता अशी गावभर पसरली होती, हे ती तुटल्यावर कळलं. मी एका भाजी व्यापाऱ्याकडे हिशेब लिहू लागलो आणि पुढे शनिवार-रविवारच्या एमबीएला नाव घातलं. साखळी शहराजवळ पर्येला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे, 1993 मध्ये रायबंदरच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत सुरू झालेली. मी काही तिथला नव्हे. माझी पदवी नोकरी सांभाळून घेतलेली, डुलक्या काढत.

हे शिक्षण म्हणजे नेमकं काय, असं लोक विचारतात. एमबीएच्या पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं असतं: मार्केटिंग, फायनान्स, मनुष्यबळ, ऑपरेशन्स. दुसऱ्या वर्षी शाखा निवडायची. सप्लाय चेन घेतली की खरेदी, वाहतूक, गोदाम, मागणीचा अंदाज आणि त्याखाली दडलेलं भरपूर संख्याशास्त्र. ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हे नाव तसं अलीकडचं. कीथ ऑलिव्हर या ब्रिटिश सल्लागाराने 1982 मध्ये ते चलनात आणलं, असं सांगतात.

सगळ्यात मजा आली ती ‘बिअर गेम’ला. (गोव्यातल्या वर्गात या नावाला शंभर टक्के हजेरी, हे सांगायला नको.) अमेरिकेतल्या एमआयटीचा हा जुना खेळ. चौघं बसतात: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना. आपसांत बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. गिऱ्हाईक आठवड्याला चार खोकी घेत असतं, मग एकदा आठ घेतं आणि पुढे आठावरच राहतं. बस्, एवढाच बदल. पण माल यायला उशीर लागतो म्हणून दुकानदार घाबरून बारा मागवतो, घाऊकवाला वीस, वितरक चाळीस. आमचा कारखाना शेवटी खोक्यांखाली गाडला गेला. चाबकाची मूठ बोटभर हलावी आणि टोक हातभर उडावं, म्हणून याला ‘बुलव्हिप’ म्हणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलला हे पॅम्पर्सच्या बाबतीत दिसलं होतं: बाळं रोज तेवढीच ओली होत होती, कंपनीकडच्या ऑर्डरी मात्र उसळ्या मारत होत्या. मला आठवला मार्च 2020. टाळेबंदीत बेळगावहून चोर्ला घाट उतरून येणारी भाजी अडली, तेव्हा किलोभर कांदा नेणारा माणूस पाच किलो मागू लागला आणि आमचे शेठ बेळगावच्या व्यापाऱ्याकडे दहापट. खाणारी तोंडं तेवढीच होती.

वर्गाशी माझं भांडण झालं ते साठ्यावरून. पुस्तकं म्हणतात, साठा म्हणजे अडकलेला पैसा, तो कमी करा. टोयोटाने तसं करून दाखवलं, आणि आमचा पोदेरही रोज तेच करतो. रात्री भट्टी लागते, पहाटे सायकलवर टोपली, पों-पों करत दारात गरम पाव. उद्याचा पाव आज कुणी भाजत नाही. पण त्याच घरात माझी आजी मे महिन्यात पुरुमेत भरायची: सुकी मासळी, आमसुलं, मिरची, मीठ, जळाऊ लाकडं. चार महिन्यांच्या पावसाची बेगमी. वाट बंद पडेल हे तिला माहीत होतं. कधी आणि किती दिवस, तेवढंच माहीत नव्हतं. पुस्तकाच्या भाषेत हाच ‘सेफ्टी स्टॉक’. माझ्या मते अख्खा विषय याच प्रश्नाभोवती फिरतो: कुठल्या मालाचं पुरुमेत करायचं आणि कुठला पोदेरावर सोडायचा.

प्रोजेक्टसाठी मी डिचोलीचा माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांचा, बाजार घेतला. चवथीच्या आधी दोन दिवस कांगलं, माट्टी, कवंडळ, घागऱ्या रानातून येतात आणि चवथ उजाडली की त्यांची किंमत शून्य. माझी मावशी तिथे विकायला बसते. समजा जुडी 40 रुपयांना पडते आणि 100 ला विकते. एक कमी आणली तर 60 चा नफा बुडतो, एक उरली तर 40 पाण्यात. 60 भागिले 100 म्हणजे 0.6: दहातल्या सहा वर्षांची मागणी भागेल एवढाच माल आणावा. त्या हिशेबाने मावशीने नेहमीपेक्षा कमी जुड्या आणल्या आणि सकाळी अकरालाच तिची पाटी रिकामी झाली. दहातली चार वर्षं माल कमीच पडणार, हे तिला सांगायचं मी विसरलो होतो. शिवाय तिचं नेहमीचं गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर गेलं. त्या रुसव्याचे 40 रुपये धरले तर उत्तर 0.71 येतं. मावशीचा नेहमीचा अंदाज साधारण तिथेच होता. प्रोजेक्टला मार्क चांगले मिळाले; मावशी अजून ऐकवते.

आता मी पेडण्यात एका गोदामात आहे. डोक्यावरून मोपा विमानतळाची विमानं जातात. 5 जानेवारी 2023 पासून तिथून नियमित उड्डाणं सुरू झाली. पत्रादेवीला, 1955 च्या हुतात्म्यांच्या स्मारकाजवळून, ट्रक गोव्यात शिरतात. काही ट्रक कोलाडला रेल्वेच्या वाघिणीवर चढून वेर्ण्याला उतरतात. कोकण रेल्वेची ही रो-रो सेवा 1999 पासून आहे. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल आला, गाड्या थांबल्या, काही वळवाव्या लागल्या. आमचे पुठ्ठ्याचे खोके त्या आठवड्यात आले नाहीत. मी मे महिन्यातच पंधरा दिवसांचे जादा खोके भरून ठेवले होते. जूनमध्ये याच खोक्यांवरून मॅनेजरने मला झापलं होतं, ही कुठली पॉलिसी म्हणून. त्या आठवड्यात त्यांनी विषय काढला नाही.

घरातलं कुणी हा विषय घेणार असेल तर दोनच गोष्टी सांगतो. संख्याशास्त्र कच्चं असेल तर प्रवेशाआधीच ते पक्कं करून घ्या. पुढे कुणी थांबत नाही. आणि इंटर्नशिप मिळाली तर एसीच्या ऑफिसात बसू नका. गोदामातली मागा, जमलं तर रात्रपाळीची, आणि तीही पावसाळ्यात.