अपडेटनंतर लॅपटॉप का तापतो?

विंडोजचा अपडेट झाला, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, आणि काही उघडलेलं नसतानाही फॅन घोंघावायला लागला, हात लावला तर चटका! आपल्या मंडळात ही तक्रार आता वरचेवर येते. एका मैत्रिणीला तर दुकानात सरळ सांगितलं, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ तिच्या लॅपटॉपवर तिच्या आजीच्या आवाजातल्या ओव्या आहेत, आणि दुसरीकडे कुठेच नाहीत. म्हणून फॉरमॅटचा विषय काढण्याआधी काय बघायचं, ते लिहिते.

अपडेटची पट्टी शंभर टक्के झाली म्हणजे काम संपलं असं नसतं. स्क्रीन शांत दिसते तेव्हाही मागे बरंच चालू असतं. शोधासाठी फायलींची यादी नव्याने होते, डिफेंडर फायली तपासतो, राहिलेली जुळवाजुळव पुरी होते. प्रोसेसर राबतो, आणि राबला की तापतो. मोठ्या अपडेटनंतर हे काही तास चालू शकतं. मॅकवाल्यांनी हसू नये, त्यांचा स्पॉटलाइटही अपडेटनंतर हेच करतो.

नेमकं कोण राबतंय ते बघता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये ‘सीपीयू’ या रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सर्वांत जास्त राबणारा वर येतो. तिथे ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ किंवा ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ दिसलं, तर थांबा. ‘एंड टास्क’ करू नका. लॅपटॉप चार्जरला लावा, टेबलावर ठेवा आणि त्याला काम संपवू द्या. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर वर होता तो सर्च इंडेक्सर. दुसऱ्या दिवशी फॅन आपोआप शांत झाला. ओव्या आम्ही त्याआधीच पेन ड्राइव्हवर घेतल्या होत्या. तेवढं मात्र सगळ्यांत आधी करायचंच.

यादीत ब्राउझर किंवा एखादं ॲप वर असेल, तर ते बंद करा आणि त्याचा अपडेट बघा.

दोन दिवसांनीही तापतोच? मग सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये ‘अपडेट हिस्टरी’ उघडा. तिथून ताजा अपडेट काढता येतो. पूर्ण नवी आवृत्ती आली असेल, तर साधारण 10 दिवसांच्या आत रिकव्हरीमधून ‘गो बॅक’ करता येतं. ड्रायव्हर हवाच असेल, तर कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणि सगळा दोष अपडेटवर तरी का टाकायचा? ॲपल आपले मॅकबुक 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते. आपल्या बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात आपण लॅपटॉप गादीवर ठेवतो, खालच्या जाळ्या बंद! फॅनमध्ये धूळ साठलेली असेल तर विचारायलाच नको. अपडेटचं जादा काम अशा लॅपटॉपला झेपत नाही. मोठा अपडेट सकाळी लावा, आणि पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर ठेवा.

एक लक्षण मात्र वेगळं. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. तो थेट सर्व्हिस सेंटरलाच न्यायचा.