आखातातून रुपया का उठला?

दुबईला कापड पाठवणारे आमचे अनेक व्यापारी बांधव आहेत. भाव, कमिशन, जहाजभाडे त्यांना तोंडपाठ असते. पण त्या मुलखाचा नकाशा थोड्यांनीच नीट पाहिलेला असतो. आम्हीही तो उशिराच पाहिला.

दुबई ही संयुक्त अरब अमिरातीच्या सात अमिरातींपैकी एक. २ डिसेंबर १९७१ रोजी सहा अमिराती एक झाल्या, सातवी रास अल-खैमा १९७२ मध्ये आली. संघ जन्माला येण्याच्या दोनच दिवस आधी इराणने आखातातील तीन बेटांवर फौज उतरवली. मोठे व छोटे तुंब रास अल-खैमाकडून गेले. अबू मुसा बेटावर शारजाशी करार होऊन तेलाचे उत्पन्न निम्मेनिम्मे ठरले. बेटे चिमुकली, पण होर्मुझकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेवरची. अमिरात म्हणते आंतरराष्ट्रीय न्यायालयात चला, इराण म्हणतो बेटे आमचीच. तंटा अजून मिटलेला नाही.

समुद्र अरुंद आणि कायदे वेगवेगळे, तिथे चोरटा व्यापार आलाच. ओमानच्या खसब बंदरात इराणी होड्या बकऱ्या घेऊन येत आणि सिगारेटी भरून परत जात. ओमानच्या लेखी तो सौदा, इराणच्या लेखी तस्करी!

सोन्याचेही तसेच. दुबईत ते उघड विकत मिळे, आपल्या किनाऱ्यावर उतरले की गुन्हा. त्या काळी आखातात आपलाच रुपया चाले. चोरट्या सोन्यापोटी गेलेले रुपये तिथल्या बँकांमार्फत परत येत आणि रिझर्व्ह बँकेला त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागत. म्हणून १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या गेल्या. त्या इथे चालत नसत.

पुढे कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. रुपये साठवून बसलेल्या तिथल्या व्यापाऱ्याचे रातोरात नुकसान झाले. त्याच वर्षी दुबई व कतारने रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला.

सोने आणणाऱ्यांनी आपला नफा केव्हाच खिशात घातला होता. सरळ बिलाने लुंगी आणि मलमल पाठवणाऱ्याचा मात्र रुपयातला भाव गेला. आमच्या वालिदांच्या जुन्या खातेवहीत आखाती दहाची एक नोट अजून आहे. ती कुणाकडून आणि कोणत्या मालापोटी आली, हे त्यांनी कधीच सांगितले नाही.