अदृश्य किरणांचा हिशोब

आपल्या नंदनवनपासून मेडिकल चौक फार लांब नाही. हात मोडला किंवा खोकला फार दिवस राहिला, की डॉक्टर क्ष-किरण फोटो काढायला सांगतात. फोटो काढणारा तंत्रज्ञ बटण दाबण्यापूर्वी आडोशामागे जातो. त्याच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. तो कशासाठी, ते आज पाहू.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. हे किरण दिसत नाहीत आणि अंगाला जाणवतही नाहीत. त्यांचा धोका सुरुवातीला कोणाला माहीत नव्हता. त्यामुळे रोज हे काम करणाऱ्या अनेकांच्या हातांची कातडी भाजली. काहींना कर्करोग झाला. जे दिसत नाही, ते मोजायचे कसे?

उत्तर फोटोच्या फिल्ममध्येच सापडले. फिल्मवर चांदीच्या संयुगाचे बारीक कण असतात. क्ष-किरण पडले, की त्या कणांत बदल होतो. नंतर फिल्म रसायनात धुतली, की ती काळी दिसते. किरण जितके जास्त, तितका काळेपणा जास्त. म्हणून फिल्मचा तुकडा काळ्या कागदात बंद करून बिल्ल्यात ठेवू लागले. ठरावीक दिवसांनी तो धुऊन, ज्यांवर पडलेले किरण आधीच मोजलेले आहेत अशा फिल्मशी त्याची तुलना करत.

बिल्ल्यात फिल्मच्या काही भागांवर वेगवेगळ्या धातूंचे पातळ तुकडे असत. मे महिन्याच्या उन्हात ओढणी वाळत घातली, तर उघडा भाग जास्त विटतो आणि घडीतला कमी. तसेच धातूखालची फिल्म कमी काळी होई. या फरकावरून किरण किती भेदक होते, ते कळे.

आपल्या देशातही आधी फिल्मचेच बिल्ले वापरत. परंतु उष्ण व दमट हवेत फिल्म लवकर खराब होते. म्हणून १९७५ पासून मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने टी. एल. डी. बिल्ला वापरात आणला. त्यातील चकत्या किरणांची ऊर्जा साठवतात. तापवल्या, की त्या प्रकाश देतात. तो प्रकाश मोजून हिशोब करतात. चकत्या पुन्हा वापरताही येतात.

किरणांची मात्रा मिलिसीव्हर्टमध्ये मोजतात. छातीच्या एका फोटोत रुग्णाला साधारण ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी मात्रा मिळते. भारतात अशा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त नसावी आणि कोणत्याही एका वर्षात मात्रा ३० च्या वर जाऊ नये, असा नियम आहे. रुग्णाचा फोटो कधीतरी निघतो. तंत्रज्ञाचे काम रोजचे असते. म्हणून बिल्ला तंत्रज्ञाला लागतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. थर्मामीटर ताप उतरवत नाही, तसा बिल्ला किरण अडवत नाही. ते काम भिंत, शिशाचा ॲप्रन आणि अंतर करतात. बिल्ला फक्त खरे सांगतो, तेही अंगावर लावला तरच. टेबलाच्या खणात ठेवलेला बिल्ला खणाचाच हिशोब देतो! तुमच्यापैकी कोणी उद्या तंत्रज्ञ किंवा डॉक्टर झाले, तर हा छोटासा बिल्ला न विसरता लावा.

शब्दार्थ
अदृश्य – न दिसणारे
भेदक – आरपार जाणारे
मात्रा – प्रमाण, मिकदार
विटणे – रंग फिका होणे

स्वाध्याय
१. फिल्म काळी का होते?
२. फिल्मऐवजी दुसरा बिल्ला का आणावा लागला?
३. 'खणात ठेवलेला बिल्ला खणाचाच हिशोब देतो' याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.