आवाज मोठा नको, शब्द हवेत : उतारवयातला नवा टीव्ही

आजचा विषय फलकावर वाचून एकाने मला दारातच विचारलं, ‘सर, टीव्हीचं दुकान केव्हा काढलं?’ (हशा) दुकान काढलेलं नाही. झालं असं, की मागच्या वेळी आपण शब्दप्रमाणावर बोललो. आप्ताच्या शब्दातून ज्ञान होतं, असं मी तासभर समजावून सांगितलं आणि शेवटी मागच्या रांगेतून एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, ‘सर, शब्दच ऐकू येत नाही, तर प्रमाण कशाचं? घरी बातम्या लावतो, आवाज येतो, पण माणूस काय बोलते ते समजत नाही.’ मी त्यांना उत्तर दिलं नाही, पुढच्या वेळी देतो म्हटलं. त्याचं कारण हे, की नेमक्या याच प्रश्नावर मी स्वतः दोन वर्षं सपशेल चुकलो होतो.

आधी ती चूक सांगतो. आमच्या घरी हिला मालिकांची आवड. रात्री मालिका बघायची आणि सकाळी शेजारच्या वहिनींशी कुंपणावरून तिची चिरफाड करायची, हा वर्षानुवर्षांचा नेम. जुना टीव्ही बिघडला, तेव्हा मुलाने नवा, भिंतीवर लावायचा पातळ टीव्ही आणला. त्यानंतर हळूहळू ही दहा मिनिटं बसायची आणि उठून आत जायची. विचारलं की म्हणायची, झोप येते. कुंपणावरच्या गप्पाही थांबल्या. मला वाटलं, चला, वैराग्य आलं. मी मनातून खूशही झालो, हे कबूल करतो. (हशा) दिवाळीत मुलगी आली, दोन दिवस बघत राहिली आणि मला म्हणाली, ‘बाबा, आईला संवाद कळत नाहीत. ती लाजते म्हणून सांगत नाही.’

मग मी उपाय केला तो प्राध्यापकी उपाय. एका दुकानात गेलो आणि विक्रेत्याला सांगितलं, आवाज मोठा पाहिजे. त्याने पाच स्पीकर आणि एक भलामोठा धमधम करणारा डबा दिला. घरी आणून लावला. विमान उडालं की खिडक्या थरथरत, आणि संवाद होते तसेच, उलट आणखी बुडाले. दोष त्या विक्रेत्याचा नव्हता. मी आवाज मागितला, त्याने आवाज दिला. हिला हवे होते शब्द.

आवाज आणि शब्द यांत फरक काय, तो नीट पाहू, कारण सगळी खरेदी त्यावर अवलंबून आहे. वय वाढतं तसे कानातले उंच पट्टीचे आवाज टिपणारे भाग आधी झिजतात, खालच्या पट्टीचे बरेचसे शाबूत राहतात. आपली शकुंतला आता बंद आहे, पण चालू असती तर तिच्या डब्यांचा खडखडाट आपल्या सगळ्यांना उत्तम ऐकू आला असता. डासाची गुणगुण मात्र कित्येकांना ऐकू येत नाही. म्हणून माणूस म्हणतो, ‘मी बहिरा नाही, मला सगळं ऐकू येतं.’ खरंच येतं! पण भाषेची गंमत बघा. आ, ओ, ऊ या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत, ढोबळमानाने 1000 हर्ट्झच्या आत असतो. स, श, च, थ, फ यांची ओळख पटते ती वरच्या पट्टीत, साधारण 2000 ते 8000 हर्ट्झमध्ये. बोलण्यातला दणका स्वरांचा असतो आणि अर्थ बहुतांशी व्यंजनांचा. आता ‘ती सासरी गेली’ आणि ‘तिची चाकरी गेली’ ही दोन वाक्यं घ्या. ‘सासरी’ आणि ‘चाकरी’ यांत स्वर तेच आहेत. व्यंजनं पुसली गेली की उरतं फक्त आ-अ-ई. मग मन संदर्भावरून जागा भरतं, कधी बरोबर, कधी चूक. तासभर अशा जागा भरत बसणं हे फार दमवणारं काम आहे. हिला झोप येत होती ती या दमण्याने.

आवाज वाढवला की काय होतं? स्वर वाढतात, पार्श्वसंगीत वाढतं, जाहिराती अंगावर येतात. केबल टेलिव्हिजनच्या 1994 च्या नियमांत जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं लिहिलेलं आहे, पण तुमचा अनुभव तुम्हाला माहीत आहे. व्यंजनं मात्र बुडलेलीच राहतात.

आता टीव्हीकडे येऊ. रामायण 1987 च्या जानेवारीत सुरू झालं, तेव्हा एकेका घरात अख्खी गल्ली बसायची. मागे दारात उभ्या असलेल्या म्हातारीलाही संवाद कळायचे. तेव्हा म्हातारीचे कान काही आजच्यापेक्षा चांगले नव्हते. त्या खोक्याच्या टीव्हीचा स्पीकर बहुधा पुढे, माणसांकडे तोंड करून असायचा. आजच्या पातळ टीव्हीत स्पीकरला समोर जागाच नाही. तो खाली जमिनीकडे नाहीतर मागे भिंतीकडे बोलतो. आपल्याला ऐकू येतं ते भिंतीवर आपटून आलेलं. म्हणजे टीव्ही आपल्याकडे पाठ फिरवून बोलतो आणि आपण त्याला म्हणतो, जरा मोठ्याने बोल!

इथे आपले नैयायिक मदतीला येतात. शब्द कानापर्यंत कसा पोचतो, यावर त्यांनी दोन दृष्टांत दिले. एक वीचीतरंगन्याय : पाण्यात दगड पडला की लाटेतून लाट उठत जाते तसा. दुसरा कदंबमुकुलन्याय : कदंबाची कळी सगळ्या अंगांनी एकदम फुलते तसा. कानाला कळतो तो तोंडातून निघालेला पहिला शब्द नव्हे, तर लाटांच्या मालिकेतला कानाशी पोचलेला शेवटचा शब्द. आजचं भौतिकशास्त्र वेगळ्या भाषेत बोलतं, पण व्यवहारात मुद्दा तोच : कानाशी काय पोचतं ते महत्त्वाचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. बंद खोलीत त्यात भिंतींवरून परतलेल्या लाटांचा गोंधळ मिसळतो. म्हणून माझं सांगणं एवढंच, की आवाज वाढवू नका, जवळ आणा.

आता आपल्या कारंज्याची घरं आठवा. वेशींच्या आतल्या जुन्या घरात उंच भिंती आणि खाली फरशी. नव्या घरात टाइल्स, सिमेंट, काच. खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. मागून खणखणाट आला, तर समजा की महागातला स्पीकरही तिथे घोटाळेल. त्याला आधी सतरंजी, जाड पडदा, भरलेलं पुस्तकांचं कपाट लागतं. आणि दुसरा शत्रू म्हणजे कूलर. मार्च ते जून कूलरशिवाय आपल्याला जगता येत नाही, आणि त्याच्या घरघरीत संवाद पार झाकले जातात. तरुण कान दोन आवाज वेगळे काढतो, म्हाताऱ्या कानाला ते जमत नाही. बऱ्याच घरांत मी बघतो की टीव्ही आणि कूलर एकाच भिंतीला, दोघे एकाच दिशेने आपल्यावर बोलतात. एक तरी हलवा. याला पैसा लागत नाही.

आता खरेदी. साउंडबार म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर. त्याचं तोंड आपल्याकडे असतं, हाच त्याचा मोठा गुण. खोक्यावर 2.1, 3.1, 5.1 असे आकडे असतात. पहिला आकडा स्पीकरच्या वाटांचा, टिंबानंतरचा 1 त्या धमधम डब्याचा. 2.1 मध्ये डावा, उजवा आणि डबा. 3.1 मध्ये मधला स्पीकर वेगळा असतो, आणि चित्रपटातले संवाद बहुतेक त्या मधल्या वाटेनेच येतात. आपल्याला हवा तो हा. वॅटचे मोठमोठे आकडे सोडून द्या. छतावर आवाज आपटवणारा अ‍ॅटमॉसचा प्रकार दुकानात छान वाटतो, पण त्याला सपाट आणि फार उंच नसलेलं छत लागतं. लाकडी सऱ्यांच्या माळवदाखाली किंवा टिनाखाली ते पैसे वाया. बारमध्ये संवाद उठावदार करणारी सोय आहे का, ती बघा. व्हॉइस, क्लिअर व्हॉइस, डायलॉग अशी वेगवेगळी नावं असतात. नाइट मोड असला तर तो दिवसाही लावा. तो मोठे आवाज दाबतो, लहान उचलतो.

जोडणी तारेनेच करा. एचडीएमआयच्या ज्या खाचेवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलं असेल, तीच वापरायची. बारचा आवाज मग टीव्हीच्याच रिमोटने कमीजास्त होतो, आणि उतारवयात एक रिमोट कमी होणं ही लहान गोष्ट नाही. ब्लूटूथने जोडलं की आवाज ओठांच्या किंचित मागे पडू शकतो. तरुणांना ते खटकतं, पण आपलं नुकसान होतं. कारण ऐकू कमी येणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो. ओठ आणि आवाज फुटले की तोही आधार गेला. दाक्षिणात्य चित्रपट मराठी-हिंदीत डब करून दाखवतात, ते समजायला जड जातात त्याचं एक कारण हेच आहे. तिथे ओठ दुसऱ्याच भाषेत हलतात.

एक फुकटातली गोष्ट राहिली. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार असतो. साधा टीव्ही असून तिथे डॉल्बी निवडलेलं असेल, तर स्टिरिओ किंवा पीसीएम करून बघा. काही घरांत तेवढ्यानेच संवाद वर येतात.

चित्राबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात दुकानदार चांगली मदत करतात. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. म्हणून आपल्याला मोठं आणि उजळ चित्र लागतं. 55 इंची टीव्ही सुमारे 122 सेंटिमीटर रुंद असतो. साडेसात फुटांवरून तो नजरेत साधारण 30 अंश व्यापतो, तेवढं पुरे. 43 इंची घेतलात तर खुर्ची सहा फुटांवर ओढा. 2025 च्या सप्टेंबरपासून 32 इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, म्हणजे मोठा घेताना पूर्वीइतकी चुटपुट नको. टीव्ही अंगणाच्या दारासमोर लावू नका, दुपारी त्यात फक्त अंगण दिसेल. आणि देवघरासारखा उंचावर टांगू नका. बसल्यावर पडद्याचा मध्य डोळ्यांसमोर आला पाहिजे. फार खालीही नको. आरामखुर्चीत रेलून खाली बघितलं की बायफोकलच्या वाचायच्या भागातून बघणं होतं आणि सगळं धूसर दिसतं.

दुकानात पडदा ‘व्हिव्हिड’वर भडक ठेवलेला असतो. घरी आल्यावर ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’वर आणा. आणि जुने चित्रपट ताणू नका हो! ‘संत तुकाराम’ 1936 चा, त्याचं चित्र जवळजवळ चौकोनी. ते रुंद पडद्यावर ओढून बसवलं की देहूतले सगळे धष्टपुष्ट दिसतात. (हशा) चित्राचा आकार मूळ ठेवा, कडेला काळे पट्टे राहू द्या.

खरेदीला जाताना सोबत तरुण मुलगा न्या, पण ऐकायचं तुम्ही. दुकानदाराची विमानं-स्फोटांची फीत बंद करायला सांगा. मराठी बातम्या लावा. टीव्हीकडे पाठ करून उभे राहा, आवाज घरच्याइतका ठेवा आणि ऐकलेलं वाक्य मुलाला पुन्हा सांगा. जमलं तर बार चांगला. नाही जमलं, तर किंमत कितीही असो, तो तुमच्यासाठी नाही.

पण त्याआधी एक काम आहे. कान तपासून घ्या. कधी नुसता मळ निघतो. आम्ही दोघं गेलो, तेव्हा हिच्या श्रवणाचा आलेख वरच्या पट्टीत घसरलेला निघाला. तो अपेक्षितच होता. माझाही तसाच निघाला. मी चाळीस वर्षं वर्गात बोलत आलो होतो, ऐकण्याची वेळ कमी आली, म्हणून कळलं नव्हतं इतकंच. लॅन्सेटच्या तज्ज्ञगटाने 2017 पासून आपल्या अहवालांत, टाळता येण्याजोग्या स्मृतिभ्रंशाच्या मोठ्या कारणांत कमी ऐकू येण्याची गणना केली आहे. म्हणून टीव्हीचा आवाज वाढत चालला, तर त्याकडे तब्येतीची खूण म्हणून बघा. हिने श्रवणयंत्र घेतलं. मी अजून टाळतो आहे, हे तिच्यासमोरच सांगतो, ती पहिल्या रांगेत बसली आहे.

श्रोता : सर, माझ्याकडे तो पाच स्पीकरवाला सेट आधीच आहे. फेकून देऊ काय जी?

नका फेकू. मधला स्पीकर टीव्हीच्या खाली, कानाच्या पातळीच्या जवळ आणा. मेनूमध्ये ‘सेंटर’ची पातळी थोडी वाढवा, तो डबा निम्म्यावर आणा. आम्ही तेच केलं. कोपऱ्यातला डबा भिंतीपासून दूर सरकवला की धमधम आणखी कमी होते.

श्रोता (महिला) : आमचे हे हेडफोन लावून बसतात. मग मी हाक मारली तरी ऐकू जात नाही. त्यांच्यासोबत बघण्यात मजाच राहिली नाही.

एकट्याने बघायचं असेल तर हेडफोन उत्तम आहेत, पण दोघांनी बघायचं असेल तर नको. टीव्हीसाठीच बनवलेला लहान बिनतारी स्पीकर मिळतो, तो त्यांच्या खुर्चीच्या हाताशी ठेवा. जवळ असल्यामुळे तो हळू वाजला तरी त्यांना पुरतो आणि तुमच्या कानाला त्रास होत नाही. घेताना एवढं बघा, की हेडफोनच्या खाचेत तार घातल्यावर टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद पडतो का. काही टीव्हींमध्ये दोन्ही आवाज एकदम चालू ठेवायची सोय मेनूत असते, काहींत नसते. घेण्याआधी दुकानातच लावून बघा.