नसलेल्या चिपशी गप्पा

लिनक्सचं एखादं आभासी यंत्र सुरू करा आणि पडद्यावर भराभर सरकणाऱ्या ओळींकडे नीट लक्ष ठेवा. त्यांत बहुतेकदा एक ओळ सापडते: टीटीवायएस०, पोर्ट ३एफ८, इंटरप्ट ४, आणि शेवटी ठाम निर्वाळा, की ही १६५५०ए आहे. १६५५०ए म्हणजे सीरियल पोर्ट सांभाळणारी चिप. तिचं घराणं १९८१ सालच्या आयबीएम पीसीतल्या ८२५० या चिपपर्यंत मागे जातं. आजच्या लॅपटॉपांवरून ते पोर्ट कधीच गायब झालंय. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कशाच्या जोरावर एवढं छातीठोकपणे सांगतो?

त्यानं चौकशी केलेली असते, आणि तीही चांगली कसून. आधी तो चिपच्या एका रजिस्टरमध्ये शून्य लिहितो आणि परत वाचून बघतो. मग त्याच जागी चार बिट चालू करून पुन्हा वाचतो. लिहिलेलं जसंच्या तसं परत आलं नाही, तर तिथे कोणी नाही. आलं, तर पुढची परीक्षा: चिपला लूपबॅकमध्ये टाकायचं, म्हणजे तिनं बाहेरच्या तारा सोडून स्वतःचंच ऐकायचं. एका बाजूला दिलेले संकेत दुसऱ्या बाजूला उमटले की हजेरी नक्की झाली. आता राहिला कुळीचा प्रश्न. मूळ ८२५०मध्ये आलेली अक्षरं रांगेत धरून ठेवायची सोय नव्हती. १६५५०मध्ये १६ बाइटांची रांग आली, पण ती सदोष निघाली. दोष काढून आली ती १६५५०ए. कर्नल रांग चालू करून दोन विशिष्ट बिट तपासतो. दोन्ही पेटलेले दिसले, की निकाल ‘ए’चा.

या सगळ्याची उत्तरं देणारी चिप कुठे आहे? कुठेच नाही. उत्तरं देतोय क्यूईएमयू नावाचा प्रोग्राम. फॅब्रिस बेलार यांनी तो २००३ साली पहिल्यांदा बाहेर आणला. त्यात ही चिप सी भाषेतल्या काही फंक्शन्सच्या रूपात बसलेली आहे. लूपबॅकपासून त्या दोन बिटांपर्यंत सगळं त्यात आहे. सोंग आणायचं तर असं आणावं!

अक्षर पाठवताना काय होतं तेही बघण्यासारखं आहे. समजा, कर्नलला ‘क’ काढायचाय, तर त्याच्या दृष्टीनं ते तीन बाइट. पहिल्या बाइटआधी तो स्थिती सांगणारं रजिस्टर वाचून विचारतो, मागचं जाऊन जागा मोकळी झाली का? मग पोर्ट ३एफ८ वर बाइट लिहितो. पोर्टला हात लावला रे लावला की प्रोसेसर आभासी यंत्रातल्या या पाहुण्या कर्नलला तिथल्या तिथे थांबवतो आणि ताबा यजमानाकडे, म्हणजे खऱ्या यंत्रावरच्या लिनक्सकडे देतो. यजमान लिनक्समधलं केव्हीएम (२००७ पासून ते कर्नलचाच भाग आहे) क्यूईएमयूला कळवतं, अमुक पोर्टवर अमुक बाइट आलाय. क्यूईएमयू तो टर्मिनलवर, फाइलमध्ये किंवा सॉकेटवर टाकून देतो आणि पाहुणा पुन्हा चालू होतो. मधल्या मध्ये आपण थांबलो होतो याचा त्याला पत्ताही नसतो. शिवाय सेकंदाला १,१५,२०० बिट असा वेग आपण मोठ्या निगुतीनं नेमून दिलेला असतो. खऱ्या तारेवर त्या वेगानं सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात, कारण आठ बिटांच्या अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा मिळून दोन बिट जास्त लागतात. इथे तारच नाही, तर वेग पाळणार कोण?

इतकी जुनी चिप अजून का वागवायची, असं वाटेल. कारण तिला जवळजवळ काहीच लागत नाही. ग्राफिक्स नको, फाइल सिस्टिम नको, नेटवर्क तर नकोच. एका ठरलेल्या पोर्टवर बाइट लिहिता आला, की बस्स. म्हणून कर्नल पुरता उठायच्या आधीही तिच्यातून बोलू शकतो, आणि कोसळताना का कोसळलो हेही सांगू शकतो. ॲमेझॉननं २०२१ साली ईसी२ यंत्रांसाठी सीरियल कन्सोल खुला केला, तो नेटवर्क बिघडून यंत्रात शिरायची वाट बंद झाली तरी आत जाता यावं म्हणून.

कन्सोल, म्हणजे कर्नलशी बोलायची जागा, कुठे काढायचा, हे कर्नलला सुरुवातीच्या आज्ञेतच सांगतात. एकाहून जास्त जागाही देता येतात. इथे एक बारकावा भल्याभल्यांना गोंधळात पाडतो. कर्नलचे संदेश दिलेल्या सगळ्या जागी उमटतात, पण डेव्ह-कन्सोल, म्हणजे बाकीचे प्रोग्राम कन्सोल म्हणून जिथे लिहितात ती जागा, हे मानाचं पद मिळतं आज्ञेत शेवटी लिहिलेल्या उपकरणाला. क्रम उलटा झाला, की कर्नलचं बोलणं सीरियलवर झकास दिसतं आणि नंतर सेवा सुरू होतानाचे संदेश मात्र कोणी बघत नसलेल्या पडद्यावर जातात. लॉगिनची ओळ हा आणखी वेगळा मामला: त्यासाठी त्या पोर्टवर गेटी नावाचा, लॉगिन विचारणारा प्रोग्राम बसवावा लागतो. सेवा सुरू करायला सिस्टिमडी असेल तर कर्नलचा कन्सोल बघून ते काम तो स्वतःच उरकतो.

पण मला खरं वेड लावलंय ते यूझर मोड लिनक्सनं. जेफ डाइक यांचं हे काम २००२ साली मूळ कर्नलमध्ये आलं. यात खोट्या चिपचं नाटकच नाही. अख्खा कर्नल हाच यजमानावर चालणारा एक साधा प्रोग्राम असतो, एडिटर चालवावा तसा चालवायचा. खऱ्या यंत्रात कळ दाबली की इंटरप्ट येतो. इथे यजमान त्या प्रोग्रामला एक सिग्नल धाडतो, आणि आतला कर्नल त्यालाच इंटरप्ट समजून कामाला लागतो.

त्याची कन्सोल जोडणी म्हणजे तर मौज आहे. आज्ञेत कन्सोलचा किंवा सीरियल लाइनचा क्रमांक लिहायचा आणि पुढे ती कुठे उघडायची ते. कन्सोल शून्य सहसा आज्ञा दिली त्याच टर्मिनलला जोडतात. दुसरा वेगळ्या एक्सटर्म खिडकीत उघडा. तिसऱ्याला ९००० क्रमांकाचं पोर्ट द्या, मग टेलनेटनं येईल त्याला तो भेटेल. कोणाला ‘नल’ जोडा, नाहीतर ‘नन’. हे दोन्ही एकच वाटतील, पण नाहीत. ‘नल’ला जोडलेलं उपकरण जागेवर असतं, लिहिलेलं सगळं गिळतं आणि त्याच्याकडून वाचायला जाल तर ताटकळत ठेवतं. ‘नन’ म्हटलं तर ते उपकरणच नाही. उघडायला गेलात की थेट चूक.

याहून विक्षिप्त प्रकार म्हणजे एकाच लाइनचे कान एकीकडे आणि तोंड दुसरीकडे ठेवता येतात. टाइप करायचं यजमानाच्या एका टर्मिनलवर, आणि उत्तर वाचायचं भलत्याच एक्सटर्म खिडकीत. याचा उपयोग काय, हे मला आजवर सुचलेलं नाही. कर्नलची मात्र त्याबद्दल काडीचीही तक्रार नसते.