लग्नाचे छायाचित्रण : किती हवे, किती पुरे?

तुळशीची लग्ने लागली की मंगल कार्यालये गजबजू लागतात आणि घरोघरी याद्या निघतात. कार्यालय, आचारी, गुरुजी, बस्ता, दागिने या साऱ्यांचा हिशेब घरातील वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असतो. पंगतीला किती पाने होतील, याचा अंदाजही सहसा चुकत नाही. छायाचित्रणाचा विषय निघाला की मात्र हीच मंडळी गोंधळतात आणि समोरचा सांगेल ते 'पॅकेज' पसंत करून मोकळी होतात. दोन दिवस, चार माणसे, ड्रोन, दोन अल्बम, चित्रफीत अशी यादी वाढत जाते. यातले आपल्याला नेमके काय हवे आहे, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही.

रोलच्या जमान्यात हा प्रश्न आपोआप सुटत असे. एका रोलमध्ये ३६ छायाचित्रे निघत. पाच रोल सांगितले, तर हाती १८० छायाचित्रे येणार, हे उघड होते. प्रत्येक 'क्लिक'ला पैसे पडत असल्याने छायाचित्रकारही जपून बटण दाबत असे. डिजिटल कॅमेऱ्याने ही मर्यादा पुसून टाकली. आता एका लग्नात दोन-तीन हजार छायाचित्रे सहज निघतात. साठ पानांच्या अल्बममध्ये पानाला तीन-चार याप्रमाणे १८० ते २४० छायाचित्रेच बसतात. म्हणजे अल्बमची गरज फारशी बदललेली नाही, वाढला आहे तो पसारा. त्यामुळे 'किती फोटो' याऐवजी 'किती तास आणि किती माणसे' हा प्रश्न विचारणे अधिक शहाणपणाचे ठरते.

विधींवरून तास ठरवा

तासांचा हिशेब मुहूर्तापासून मागे-पुढे मोजत करावा. मुहूर्त सकाळी साडेअकराच्या सुमारास असेल, तर नवरीची तयारी, सीमांतपूजन आणि गौरीहरपूजा यांसाठी छायाचित्रकार साडेआठला हजर असावा लागतो. मुहूर्तानंतर कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी, मग पंगती, सूनमुख, झाल आणि पाठवणी असा क्रम लागतो. तो साडेतीन-चारपर्यंत चालतो. एकूण सात ते आठ तास झाले. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी असेल, तर सकाळचा तासभर वाचतो.

साखरपुडा, केळवणे, हळद, मेंदी आणि संध्याकाळचा स्वागत समारंभ यांचा विचार स्वतंत्रपणे करावा. केळवणाला आणि मेंदीला घरातील हौशी भाच्याचा मोबाइलही पुरतो. हळदीला दोन तास पुरे होतात. स्वागत समारंभ त्याच दिवशी असेल, तर दुपारच्या रिकाम्या वेळेचे पैसे आपण देत आहोत काय, हे विचारून घ्यावे. सलग बारा तासांपेक्षा आठ आणि तीन अशा दोन पाळ्या अनेकदा स्वस्त पडतात.

नोंदणी विवाहाचे गणित निराळे आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार विवाह अधिकाऱ्यासमोर वधू-वर आणि तीन साक्षीदार सह्या करतात. त्यासाठी एक छायाचित्रकार आणि दोन तास पुष्कळ झाले. हाताशी वेळ उरला, तर घरी परतल्यावर दोन्ही कुटुंबांची सावकाश छायाचित्रे काढता येतात.

एक की दोन?

दोन छायाचित्रकार हवेत की नाही, हे पाहुण्यांच्या संख्येइतकेच एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टींवर अवलंबून असते. मंगलाष्टके सुरू असताना अंतरपाटाच्या एका बाजूला वर असतो आणि दुसऱ्या बाजूला वधू. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी दोघांचेही चेहरे टिपायचे, तर एक माणूस अपुरा पडतो. नवरीची तयारी आणि वरपक्षाचे आगमन एकाच वेळी असेल, तरीही तीच अडचण येते. शंभराच्या आत माणसे आणि एकच सभागृह असेल, तर एक अनुभवी छायाचित्रकार निभावून नेतो. त्यापुढे दोघे असावेत. मात्र दोघांची कामे आधी वाटून द्यावीत. 'कॅन्डिड' काढणारा सहसा व्यासपीठावरच्या रांगेत अडकू इच्छित नाही, आणि दोघेही तेच टिपू लागले तर दुसऱ्याचा खर्च वाया जातो.

चित्रफितीकडे केवळ हौस म्हणून पाहू नये. छायाचित्रात आवाज राहत नाही. आत्याने म्हटलेले मंगलाष्टक, आजीने घेतलेला उखाणा हे पुढे चित्रफितीतच सापडते. म्हणून चार मिनिटांच्या सिनेमॅटिक फितीबरोबरच मूळ आवाजासह सलग चित्रण मागून घ्यावे. ड्रोनची भुरळ पडत असेल, तर ड्रोन नियम, २०२१ लक्षात ठेवावेत. विमानतळ आणि लष्करी आस्थापनांच्या परिसरात विनापरवाना ड्रोन उडवता येत नाही, आणि मुंबई-पुण्यातील अनेक कार्यालये अशाच परिसरात आहेत.

व्यासपीठावरची रांग

सर्वाधिक वेळ खाते ती व्यासपीठावरची रांग. तीनशे पाहुणे चार-चारच्या गटाने आले, तर ७५ गट होतात. प्रत्येकाला एक मिनिट धरले, तरी सव्वा तास जातो. तेवढा वेळ वधू-वर उपाशीपोटी उभे असतात आणि पंगत खोळंबते. जवळच्या नातेवाइकांचे पंधरा-वीस गट आधी ठरवून घ्यावेत आणि बाकीच्यांचे टेबलाशी जाऊन टिपावेत, हा यावरचा सोपा उपाय आहे.

या धावपळीत नेमकी घरचीच माणसे राहून जातात. शेकडो छायाचित्रांत वधू-वर असतात, पण रुखवत मांडणारी मावशी, कोठीघर सांभाळणारे काका, कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले आजोबा एकाही छायाचित्रात धड सापडत नाहीत. पुढे कधीतरी घरात भिंतीवर लावण्यासाठी आजोबांचे छायाचित्र शोधायची वेळ येते, तेव्हा ही उणीव कळते. नंतर कितीही खर्च केला तरी ती भरून निघत नाही. म्हणून दोन्ही घरांनी दहा-पंधरा नावांची यादी करावी आणि चेहरे ओळखणारे एखादे भावंड छायाचित्रकारासोबत ठेवावे. त्याला पैसे लागत नाहीत, आणि चौथ्या कॅमेऱ्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

कॅमेरे वाढले की आणखी एक गोष्ट घडते. अक्षता टाकायला आलेल्या आप्तेष्टांना वधू-वरांऐवजी छायाचित्रकारांच्या पाठीच दिसतात. विधी सुरू असताना कोणालाही थांबवून पुन्हा 'पोझ' घ्यायला सांगायचे नाही, ही अट आधीच घालावी.

करार लेखी हवा

दाट मुहूर्ताच्या दिवशी एकच व्यावसायिक दोन-तीन कामे स्वीकारतो आणि ऐनवेळी साहाय्यकाला पाठवतो. त्यामुळे प्रत्यक्ष कोण येणार, किती तास थांबणार, वाढीव तासाचा दर काय, संपादित छायाचित्रे किती व कोणत्या तारखेला मिळणार, हे कागदावर असावे. आगाऊ रकमेची पावती घ्यावी. सेवेत कसूर झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि तेथे हाच कागद कामी येतो.

हक्काचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क ते काढायला सांगणाऱ्याकडे असतो. करारात वेगळे लिहिले असेल, तर मात्र स्थिती बदलते. आपली छायाचित्रे कोणाच्या जाहिरातीत झळकू नयेत असे वाटत असेल, तर सही करण्यापूर्वी हे कलम वाचावे.

शेवटी जपणुकीचा प्रश्न येतो. एक मूळ डिजिटल फाइल सुमारे २५ ते ३० एमबीची धरली, तर तीन हजार छायाचित्रांना ७५ ते ९० जीबी जागा लागते. एका पेनड्राइव्हवर विसंबून राहू नये. दोन निरनिराळ्या हार्डडिस्क आणि एक ऑनलाइन साठा अशा तीन प्रती ठेवाव्यात. शिवाय निवडक शंभर छायाचित्रे कागदावर छापून घ्यावीत, कारण आजी-आजोबांच्या हाती पडतात ती तीच.

पॅकेज निवडण्यापूर्वी घरात तीन प्रश्न विचारावेत : कोणते विधी हवेत, कोणती माणसे हवीत आणि पाच वर्षांनंतर यातले किती आपण पाहणार आहोत? उत्तरे एका कागदावर मावली, की छायाचित्रकाराशी बोलणी करायला हरकत नाही.