पुस्तकपारख (लेखांक ६) : ज्या कथेला तिचंच माप

मागच्या लेखात कथानक आणि पात्ररचना कशी तपासायची ते पाहिलं. आता साहजिक प्रश्न येतो, की हे निकष सगळ्याच कथा-कादंबऱ्यांना सारखे लावायचे का? माझ्या मते नाही. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा, ऐतिहासिक कादंबरी यांपैकी प्रत्येक प्रकार पहिल्या काही पानांतच वाचकाला एक शब्द देतो. परीक्षकाने आधी तो ओळखायचा आणि मग तो पाळला गेला का ते पाहायचं. भयकथेत सामाजिक आशय शोधायचा आणि तो सापडला नाही म्हणून तिला हलकी ठरवायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, नारायण धारप यांची पुस्तकं वाचनालयांत हाताळून हाताळून विरली, पण त्यांच्यावर गंभीरपणे फार थोडं लिहिलं गेलं. हा मला अन्याय वाटतो.

रहस्यकथेचा शब्द साधा असतो: उलगड्यासाठी लागणारं सगळं तुमच्यासमोर ठेवलं जाईल. म्हणून तिचं परीक्षण लिहिणाऱ्याने ती दोनदा वाचावी. दुसऱ्या खेपेस गुन्हेगार ठाऊक असतो, त्यामुळे दुवे कुठे पेरले होते आणि आपली नजर कुठे वळवली होती ते दिसू लागतं. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’वर वाद झाला तो याच मुद्द्यावर, की लेखिकेने वाचकाला फसवलं का? मी ख्रिस्तीच्या बाजूचा आहे. कारण सांगितलं तर न वाचलेल्यांचा आनंद जाईल, म्हणून इथेच थांबतो. मात्र हे माप अर्नाळकरांच्या झुंजारला किंवा काळापहाडला लावू नये. त्या मुळात साहसकथा आहेत. तिथे वाचकाला वेग हवा असतो आणि दुष्टाला शासन होणार याची खात्री हवी असते. त्या कसोटीवर अर्नाळकर भक्कम उतरतात.

भयकथेपाशी जरा थांबायला हवं, कारण शिफारशी सर्वांत जास्त इथेच चुकतात. ‘धारप आवडले ना, मग मतकरी वाच,’ असं आपण सहज सांगून टाकतो. दोघंही एकाच कपाटात असतात, एवढंच त्याचं कारण. पण त्यांची भीती एका जातीची नाही. धारपांकडे अनिष्ट शक्ती बहुधा बाहेरून येते. रोजच्या, ओळखीच्या घरात ती हळूहळू शिरते आणि तिला थोपवणारं कुणीतरी असतं. ‘समर्थ’ हे पात्र त्याचा ठळक नमुना. त्या अंधाराला नियम आहेत, ते जाणणारा माणूस आहे, त्यामुळे पुस्तक मिटताना घाबरलेल्या वाचकालाही आधार मिळालेला असतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत तो आधार सहसा मिळत नाही. तिथे भीती माणसाच्या आतून उगवते, कधी हेव्यातून, कधी अपराधाच्या जाणिवेतून, कधी नुसत्या एकटेपणातून. सोडवायला कुणी धावून येत नाही. धारप वाचून सुटकेचा श्वास टाकणाऱ्याला मतकरी दिले तर तो रात्रभर अस्वस्थ राहील. त्याला खरं तर अर्नाळकर जवळचे वाटतील, कारण तारणहार तिथेही आहे. आणि मतकरींमध्ये रमलेल्याला मी धारपांच्या आधी जी. ए. कुलकर्णींचा ‘काजळमाया’ देईन. जी. ए. कुणी भयकथाकार म्हणून वाचत नाही, पण नियतीच्या सावलीत उभं राहिल्याची थंडगार जाणीव त्या कथांत आहे.

धारपांबद्दल लिहिताना आणखी एक जबाबदारी येते. ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे. परीक्षणात हे ऋण नोंदवलंच पाहिजे. नोंदवल्यावर तिथेच शेरा मारून मोकळं होऊ नये, कारण अमेरिकेतल्या गावातली भीती मराठी घरात आणून ती खरी वाटायला लावणं हे वेगळं कसब आहे आणि त्याची वेगळी तपासणी व्हायला हवी.

विज्ञानकथेत बहुतेकदा कल्पना हीच नायिका असते. जयंत नारळीकरांची पात्रं सपाट आहेत, हा आक्षेप पुष्कळदा ऐकू येतो. तो निराधार नाही, पण आधी विचारायचं ते हे, की कल्पना शास्त्राच्या चौकटीत टिकते का आणि तिच्यामुळे माणसांच्या जगण्यात काय उलथापालथ होते? नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. आपल्या नावाचं दडपण परीक्षकांवर येऊ नये, हा त्यामागचा हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षण करताना मुखपृष्ठावरचं नाव झाकून वाचल्यासारखं वाचता आलं पाहिजे, ते यासाठी.

ऐतिहासिक कादंबरीविषयी थोडक्यात. ‘स्वामी’तल्या माधवराव-रमाबाईंच्या खासगी संवादांना कागदपत्रांचा पुरावा मागणं व्यर्थ आहे. इतिहास जिथे गप्प आहे तिथे लेखकाला मोकळीक असते. ज्ञात इतिहासाला मात्र धक्का लागता कामा नये. ही तपासणी किती खोल जाऊ शकते, ते पाहायचं असेल तर ‘श्रीमान योगी’ला जोडलेली नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना वाचावी. लेखकाला लिहिलेलं ते दीर्घ पत्र आहे आणि त्यात स्तुतीपेक्षा विचार जास्त आहे.

शिफारस करताना मी ‘कुठला प्रकार आवडतो’ असं विचारत नाही. मागच्या पुस्तकातलं काय मनातून जात नाही, ते विचारतो. विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ संपवून कुणी म्हणालं, ‘विश्वासराव वाचले असते तर?’ तर त्याला दुसरी ऐतिहासिक कादंबरी देऊ नये. नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा द्यावी. ती नेमक्या त्याच प्रश्नावर उभी आहे. फक्त क्रम उलटा करू नये. १४ जानेवारी १७६१ चा पराभव पाटलांच्या कादंबरीतून अंगावर आलेला असला, तरच नारळीकरांनी बदललेल्या इतिहासाचं मोल जाणवतं.